पुढच्या वर्षाची भरती आजच कशी कळते?



भरती-ओहोटीचं टेबल वर्षभर आधी छापून येतं. ते कसं बनतं, आणि त्याच्यावर किती विसंबायचं, हे आम्ही आज थोडक्यात सांगतो.

चवथीच्या आरतीला घुमट, शामेळ, झांज एकदम वाजतात. आवाज एकत्र येतो, तरी घुमट कुठलं नि झांज कुठली हे कान ओळखतो. पाण्याचंही तसंच. बंदरातलं यंत्र पाण्याची उंची सतत नोंदवतं. त्या नोंदीची वर-खाली जाणारी रेघ म्हणजे अनेक लाटांची बेरीज. फ्रान्सचे गणिती फूरिये यांनी १८२२च्या ग्रंथात अशी बेरीज सुटी करायची रीत मांडली. केव्हा किती पाणी होतं, या नोंदीतून किती तासांनी परत येणारी लाट किती मोठी, हे त्यातून निघतं.

चंद्राची मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. सूर्याची बरोबर १२ तासांनी. दोन्ही जुळल्या की उधाण, एकमेकींच्या उलट पडल्या की भांग. म्हणून उधाण साधारण १५ दिवसांनी फिरून येतं. आणखी काही लाटा दिवसातून एकदाच येतात. त्यांच्यामुळे आपल्याकडे दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात.

लाटा सुट्या झाल्या की त्या पुढच्या तारखांसाठी परत बेरजेला घ्यायच्या, झालं टेबल! लॉर्ड केल्विन यांनी १८७०च्या दशकात ही बेरीज करणारं चाकांचं यंत्र बनवलं. भारतातल्या बंदरांसाठीही तसं यंत्र १८७९ मध्ये लंडनला तयार झालं. आता हे काम कॉम्प्युटर करतो. आपल्या देशाचं टेबल भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो.

पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

१. टेबलात १.८ मीटर लिहिलंय म्हणजे बोटीखाली तेवढंच पाणी, असं नव्हे. नकाशावरच्या खोलीत तो आकडा मिळवायचा. खाडीच्या तोंडावरची वाळू पावसाळ्यात सरकते, म्हणून जुन्या खोलीवर जाऊ नका.

२. टेबल बंदराचं असतं. खाडीत आत भरती उशिरा पोचते.

३. वारा, हवेचा दाब, नदीचा पूर टेबलात नसतो. वादळात पाणी टेबलापेक्षा वर चढू शकतं.

लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइसचा अंदाज बघा. समुद्रातल्या बोयांच्या नोंदीही याच रीतीने सुट्या करतात. त्यात उंचीसोबत दोन लाटांमधले सेकंदही बघा. ५-६ सेकंदांची लाट जवळच्या वाऱ्याची. १५ सेकंदांच्या वरची लाट लांबून आलेली असते. भर समुद्रात ती जाणवत नाही, पण खाडीच्या तोंडावर उंच होऊन फुटते.

टेबल खोटं नाही, पण ते फक्त चंद्र-सूर्याचं गणित सांगतं. बोट काढायच्या आधी दोन्ही बघा.