लहान बोअरची बंदूक : कर्जत-खालापूरकडचा मागोवा

राजमाची आणि ढाक यांच्या पायथ्यापासून माथेरानच्या डोंगरापर्यंत, व तेथून इर्शाळगड-माणिकगडाच्या रानापर्यंत जो मुलूख पसरला आहे, त्यात बंदुकीची निवड हा प्रश्न गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत अनेकांनी अनेक परींनी सोडविला. परंतु ज्या पाखरासाठी ती बंदूक घ्यावयाची, त्या पाखराचे वजन, त्याची चाल आणि त्याचे रान यांचा विचार या निवडीत सर्वांत शेवटी झाला, किंबहुना पुष्कळदा झालाच नाही. निवड केली ती कायद्याने, काडतुसाच्या पेटीने आणि कोकणच्या पावसाने.

हे आज आठवण्याचे निमित्त सातासमुद्रांपलीकडचे आहे. अमेरिकेतील शिकारी अलीकडे रानटी टर्कीसाठी १२ बोअरची बंदूक बाजूला ठेवून २० किंवा २८ बोअरची, इतकेच नव्हे तर बोरूसारख्या सडपातळ नळीची ‘चारशेदहा’सुद्धा हाती घेऊ लागले आहेत. पाच ते दहा किलोंच्या, दाट पिसांच्या या पक्ष्याला लहान नळी पुरते कशी, याचे उत्तर छऱ्याच्या धातूत आहे : टंगस्टनच्या छऱ्याची घनता शिशाच्या दीडपटीहून अधिक असल्यामुळे अगदी बारीक छराही दूरवर जोर टिकवितो, आणि छरा बारीक म्हणजे लहान काडतुसातही त्यांची संख्या मोठी. आपल्या रानात टर्की नाही. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जी नवलाईची जनावरे नेली, त्यांत एक टर्की होता आणि मन्सूर चिताऱ्याने त्याची तसबीर उतरविली. टर्कीचा आपल्या किनाऱ्याशी जुना ऋणानुबंध तो एवढाच. त्याची जागा आपल्याकडे घेतो तो राखी रानकोंबडा, आणि त्याचे वजन सारे मिळून किलोभर.

बोअरचा हिशेब मोठा जुना आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती १२ बोअरची. वीस गोळ्या केल्या तर २० बोअरची. म्हणजे आकडा जसा वाढतो तशी नळी लहान होते : १२ बोअरचा व्यास साडेअठरा मिलिमीटर, २० बोअरचा साडेपंधराच्या किंचित वर. ‘चारशेदहा’ मात्र या पंक्तीतील नव्हे. तो इंचाच्या सहस्रांशांत सांगितलेला नळीचा व्यास आहे. छरा कोणत्याही नळीतून सुटो, त्याचा वेग जवळपास तोच असतो. फरक पडतो तो संख्येत. विलायती मापाच्या ६ नंबरचे छरे १२ बोअरच्या नेहमीच्या काडतुसात तीनशेच्या आसपास, २० बोअरच्यात सव्वादोनशेच्या वर, आणि चारशेदहाच्या अर्ध्या औंसात एकशेपस्तीसच्या सुमारास भरतात. कारवीच्या जाळीतून रानकोंबडा उठतो तो वीस-पंचवीस पावलांवर, आणि दुसऱ्या क्षणी दिसेनासा होतो. एवढ्या अंतरावर तीनशे छऱ्यांचे प्रयोजन काय, हा प्रश्न कोणाही विचारी माणसाला पडावा. शिवाय २० बोअरची दुनळी १२ बोअरच्या दुनळीहून पौंडभर तरी हलकी असते, आणि ज्याने कोंढाण्याच्या लेण्यांवरून राजमाचीची चढण चढली आहे त्याला पौंडभर वजन म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तरीही या मुलखाने लहान बोअर फारशी जवळ केली नाही. याचे पहिले कारण कायदा.

कर्जत तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. तो १८९१ साली कुलाब्यास जोडला गेला, आणि खालापूर हा तेव्हा त्याचाच महाल होता. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरला होता, व परवाना देणे न देणे हे अंमलदाराच्या मर्जीवर होते. वरकस जमिनीवर आणि डोंगरातील दळीवर नाचणी-वरी पिकविणारा जो खातेदार, त्याला रानडुकरापासून पीक राखावयाचे असे. त्याच्या वाट्याला आली ती ठासणीची बंदूक. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर तीही क्वचित. तेथे गलोल, बेचकी आणि फास यांवरच भिस्त. ठासणीच्या बंदुकीपुढे बोअरचा प्रश्नच उभा राहत नाही, कारण दारू किती ओतावी, बोळा किती ठासावा आणि वर छरे किती टाकावेत, हे ठासणाराच ठरवितो. कोंबड्यासाठी मूठभर छरे, डुकरासाठी एकच गोळी, नळी तीच. लहान बोअरचा सारा गुण, म्हणजे पाखराच्या मानाने माप, हा त्या ओबडधोबड हत्याराच्या धन्याला आयताच मिळाला होता. फक्त पावसात केप भिजली आणि दारू सर्दावली, की गुणही गेला आणि कोंबडाही.

स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्याने हीच वाट पक्की केली. त्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे, आणि स्वसंरक्षण वा शिकार यांसाठी वीस इंचांहून कमी लांबीची नळी नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक. ठासणीची पुरेशी नाही अशी अंमलदाराची खात्री पटली, तर शेतकऱ्यालाही दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. कायद्याने नळीची लांबी मोजली. व्यास मोजला नाही. बारा घ्या की वीस घ्या, कायद्याला सोयरसुतक नव्हते. पण परवाना एका बंदुकीचा मिळावयाचा, त्यासाठी मामलेदार कचेरीचे आणि पोलिसांचे अहवाल व्हावयाचे, नूतनीकरणाची मुदत सांभाळावयाची. इतका खटाटोप करून जी एकच बंदूक घरात यावयाची, तिने कोंबड्यापासून डुकरापर्यंत सर्व कामे करावीत अशी अपेक्षा धरणे स्वाभाविकच होते. एल.जी., एस.जी. असली जाड छऱ्यांची काडतुसे १२ बोअरमध्ये सहज मिळत. खडकीच्या सरकारी दारूगोळा कारखान्यातून ‘शक्तिमान’ काडतुसे निघाली तीही १२ बोअरची. परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध आल्यावर १६ आणि २० बोअरच्या मालकांची अवस्था अशी झाली, की बंदूक घरात, परवाना पेटीत, आणि काडतूस मात्र कोठेच नाही.

पावसाचा वाटाही यात लहान नाही. जुनी काडतुसे कागदी नळीची असत, आणि जेथे आषाढात भिंतींनासुद्धा ओल येते अशा या भागात ती फुगत. फुगलेले काडतूस नळीत शिरत नाही, आणि अर्धवट शिरले तर निघत नाही. १२ बोअरची पेटी वाया गेली तर दुसरी मुंबईत मिळे. २० बोअरची गेली तर हंगाम गेला.

दोन बोअर एका घरात ठेवण्याचा धोका जाणत्यांना ठाऊक होता. २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरच्या नळीत टाकले तर ते घसरत पुढे जाऊन अडकते. बंदूक रिकामी आहे असे समजून मागून १२ चे काडतूस घातले व बार काढला, तर नळी फुटते आणि बरोबर हाताची बोटे जातात. पुढे २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची चाल पडली ती याचसाठी. कंदिलाच्या उजेडात पिवळे-तांबडे कितीसे कळणार, हा भाग निराळा.

लहान नळीचा खरा चाहता या काळात कोणी असेल तर तो पक्ष्यांचे कातडे जमविणारा संग्राहक. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मंडळींना पाखरू पडावयास हवे होते, पण छिन्नविच्छिन्न होऊन नव्हे. त्यासाठी बारीक नळी आणि धुळीसारखा छरा हेच साधन. सालिम अली यांच्या हातून लहानपणी पडलेली पिवळ्या कंठाची चिमणी तर केवळ हवाई बंदुकीची, आणि ती ओळखून घेण्यासाठी ते या सोसायटीत गेले हे सर्वश्रुत आहे. शिकाऱ्याने जी बंदूक कमी दर्जाची मानली तिचे महत्त्व शास्त्रज्ञाने ओळखले, हे मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा शिकार एकदम थांबली नाही. काही प्राण्यांसाठी परवाने कायद्यातच होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते दार बंद केले. पीक खाणाऱ्या डुकरापुरती पुढे काही अटींवर मुभा मिळाली, पण रानकोंबड्याच्या बाबतीत ‘बोअर कोणती’ हा प्रश्न तेथेच संपला. दरम्यान १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्हा रायगड झाला, आणि खोपोली-खालापुराकडे कारखाने, कर्जत-नेरळकडे फार्महाऊसे उठली. या भागात बंदुकीचा परवाना आता बहुतेक घरांत वारसाने चालत आलेला कागद आहे. निवडणूक जाहीर झाली की हुकुमाप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावयाची आणि निकालानंतर परत आणावयाची, हाच तिचा प्रवास.

१९८३ च्या दुरुस्तीने एका इसमास तीन बंदुकांची मर्यादा घातली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली आणि जास्तीचे हत्यार वर्षभरात जमा करण्यास सांगितले. ज्या घरात आजोबांची १२ बोअरची दुनळी, वडिलांची दुसरी एखादी आणि कोणे एके काळी हौसेने घेतलेली २० बोअरची होती, तेथे कोणती द्यावी याचा खल फार वेळ चालला असेल असे मला वाटत नाही. जिला काडतूस मिळत नाही तीच गेली असणार. आणि टंगस्टनचा छरा अमेरिकेत लहान नळीला प्रतिष्ठा देत होता तो नेमका याच सुमारास.