युद्धविमानाच्या सिम्युलेटरसाठी जॉयस्टिक व थ्रॉटल यांची निवड

कात्रज येथे वसतिगृहात राहून संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्याने काही महिन्यांपूर्वी आमच्यापुढे एक अडचण मांडली. वैमानिकाच्या हस्तकौशल्याचा अभ्यास करण्यासाठी त्याने संगणकावर हवाई युद्धाचा सिम्युलेटर उभारला होता. परंतु सरळ उड्डाणाच्या वेळीही नोंदींत एक सूक्ष्म कंप सातत्याने उमटत असे. प्रयोगास बसलेल्या व्यक्तीच्या हाताचा तो कंप असावा, असे मानून त्याने दोन महिने टिपणे केली. पुढे एकदा जॉयस्टिकला कोणाचाही हात लागलेला नसताना तोच कंप दिसला, तेव्हा दोष मनुष्याचा नसून यंत्राचा आहे हे उघड झाले. जॉयस्टिकची निवड हा केवळ हौशी खेळाडूंचा विषय नव्हे, हे यावरून वाचकांच्या ध्यानात येईल.

या कंपाचे मूळ संवेदकात होते. स्वस्त जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर बसविलेला असतो. त्यात कार्बनच्या पट्टीवरून धातूची जीभ घासत जाते व दांडीच्या स्थानानुसार विद्युत्दाब बदलतो. उड्डाणाचा बहुतेक काळ दांडी मध्याच्या आसपास असते; म्हणून पट्टी नेमकी तेथेच झिजते, जेथे अचूकतेची गरज सर्वाधिक असते. घाटाच्या पायथ्याची धूळ व पावसाळ्यातील चार महिन्यांची दमट हवा या झिजेस हातभारच लावतात. एडविन हॉल याने १८७९ साली शोधलेल्या परिणामावर आधारलेल्या संवेदकात चुंबक व अर्धवाहक यांचा परस्परांशी स्पर्शच होत नाही, त्यामुळे अशी झीज संभवत नाही. आमच्या मते खर्चाचा पहिला रुपया येथे पडावा.

विक्रेते मात्र ‘बिटां’ची संख्या पुढे करतात. हिशेब करून पाहिला तर तिचे महत्त्व किती आहे ते कळते. दांडीची लांबी २० सेंटीमीटर असून ती दोन्ही बाजूंस २० अंश कलत असेल, तर हाताचा एकूण प्रवास सुमारे १३.७ सेंटीमीटर होतो. १० बिटांच्या यंत्रात त्याचे १,०२४ भाग पडतात; म्हणजे एक भाग सुमारे ०.१३ मिलिमीटरचा. १६ बिटांच्या यंत्रात ६५,५३६ भाग पडून एक भाग ०.००२ मिलिमीटर इतका होतो. एवढ्या सूक्ष्म अंतरावर मनुष्याचा हात थांबूच शकत नाही. उलट दांडीच्या सांध्यात अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई असली, तरी १० बिटांचे चार भाग वाया जातात. तेव्हा आकड्यांपेक्षा सांधा, स्प्रिंग व मध्यस्थानी परतण्याची निश्चितता यांची परीक्षा अगोदर घ्यावी. संगणकात मध्याभोवती ‘मृत क्षेत्र’ ठेवून कंप लपविता येतो खरा. परंतु तो रोग झाकण्याचा प्रकार होय. त्या क्षेत्रात हाताची खरी हालचालही नाहीशी होते.

दांडीच्या लांबीचा प्रश्न याहून रंजक आहे. २० ऐवजी ४० सेंटीमीटरची दांडी घेतल्यास तेवढ्याच कोनासाठी हात दुप्पट अंतर चालतो व लक्ष्यावर नेम धरणे सुकर होते. मात्र अशी दांडी टेबलावर ठेवून चालत नाही. ती खुर्चीपुढे, दोन गुडघ्यांच्या मध्ये पक्की बसवावी लागते. पुण्याच्या लोहगाव तळावर २००२ साली दाखल झालेल्या सुखोई-३० एमकेआय विमानात, तसेच तेजसमध्येही दांडी मध्यभागीच असते. राफेलमध्ये ती उजव्या हाताशी, आखूड अशी असते. एफ-१६ विमानाची दांडी प्रारंभी हलतच नसे, केवळ हाताचा दाब ओळखत असे. वैमानिकांना तिचा अंदाज येईना, म्हणून पुढे तिला किंचित हालचाल देण्यात आली. ज्या विमानाचा अभ्यास करावयाचा, त्याची रचना प्रथम पाहावी, हे यातून निष्पन्न होते.

थ्रॉटलकडे अनेकांचे दुर्लक्ष होते, आणि ते आम्हांस अनाकलनीय वाटते. जॉयस्टिकला स्प्रिंग मध्याकडे खेचते. थ्रॉटल मात्र ठेवाल तेथे राहावयास हवा. त्याचे घर्षण एकसारखे असावे. काही थ्रॉटल आरंभी अडतात व जोर लावताच एकदम पुढे घसरतात. हवेत इंधन घेताना टँकर विमानाशी वेग जुळवावयाचा असतो, तेथे अशा थ्रॉटलने वैमानिक एकदा मागे पडतो तर एकदा पुढे धावतो. सुखोईसारख्या दोन इंजिनांच्या विमानास दोन स्वतंत्र दांड्या सोयीच्या. तेजसला एक पुरते. आफ्टरबर्नरच्या सीमेवर बोटांना जाणवेल असा अटकाव असल्यास नजर बाहेरच राहते. दोन्ही दांड्यांवर बटणे बसविण्याची पद्धत १९७० च्या दशकात एफ-१५ व एफ-१६ यांच्याबरोबर रूढ झाली, तिचाही हेतू हाच.

रडरसाठी दांडी पिळण्याची सोय जेट विमानांस बहुधा पुरते. दुसऱ्या महायुद्धातील पंख्याच्या विमानांस पायातील पेडलच हवे, कारण मनगट पिळताना दांडीही नकळत कलते.

सदर विद्यार्थ्याने अखेर हॉल संवेदकाची मध्यम किमतीची जॉयस्टिक घेतली आणि उरलेल्या रकमेतून एकाच दांडीचा, पण घर्षण कमीजास्त करता येणारा थ्रॉटल घेतला. तेजसच्या प्रतिकृतीस तो पुरेसा आहे. दररोज प्रयोगापूर्वी पाच मिनिटे जॉयस्टिकला हात न लावता नोंद घेण्याची पद्धत त्याने आता ठेवली आहे. आधीच्या दोन महिन्यांची टिपणे मात्र त्याला बाजूस ठेवावी लागली.