कान नावाचं जत्रेचं गाव

मे महिना उजाडला की आपल्या फोनवर एक गाव दिसायला लागतं. निळा समुद्र, लाल गालिचा, मागे ताडाची झाडं, आणि पायऱ्यांवर कुठलीतरी नटी भलामोठा घोळदार झगा सांभाळत उभी. रील सरकवली की पुढच्या रीलमध्ये परत तेच गाव, फक्त झगा वेगळा. आजचा भाग त्याच गावावर आहे, पण झगे आपण बाजूला ठेवू. तिथे बारा महिने राहणारी माणसं वसंतात कशी जगतात, भाजी कुठून आणतात, बीचवर कुठे बसतात, घरभाडं कसं परवडतं, हे बघू.

आधी नाव उरकून घेऊ. आपण सर्रास 'कान्स' म्हणतो. फ्रेंच लोक शेवटचा स उच्चारत नाहीत, नुसतं 'कान' म्हणतात. मराठीत यामुळे जरा पंचाईत होते. 'मित्र कानला गेलाय' म्हटलं की समोरच्याला वाटतं डॉक्टरकडे गेला असेल! तरी मी कानच म्हणणार आहे.

हे गाव दक्षिण फ्रान्समध्ये, भूमध्य समुद्राच्या काठावर. नीस या मोठ्या शहरापासून लोकल ट्रेनने अर्धा-पाऊण तास. वस्ती सुमारे ७४ हजार, म्हणजे साधारण आपल्या रत्नागिरी शहराएवढी. एवढ्याशा गावात फिल्म फेस्टिव्हलच्या बारा दिवसांसाठी जवळजवळ ४० हजार लोक नुसते गळ्यात पास अडकवून येतात. बघे, पत्रकार, ड्रायव्हर, सुरक्षारक्षक, मेकअपवाले वेगळेच.

हे गाव समजून घ्यायला मला आपला 'जत्रा' हा शब्द सगळ्यात कामाचा वाटतो. पंढरपूर किंवा जेजुरीच्या माणसाला कानचं गणित लगेच कळेल. वर्षातले ठरावीक दिवस सगळं गाव पाहुण्यांचं. घरातली खोली भाड्याने द्यायची, रस्ते बंद म्हणून लांबून वळसा घालायचा, गर्दीला शिव्या घालायच्या आणि त्याच गर्दीवर पुढचे महिने काढायचे. देव मात्र इथे पडद्यावरचे.

गंमत म्हणजे पूर्वी इथे वसंत हा रिकामा मोसम होता. १८३४ साली लॉर्ड ब्रूम नावाचे एक बडे इंग्रज राजकारणी इटलीच्या दिशेने निघाले होते. त्या वेळी नीस फ्रान्समध्ये नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं, आणि कॉलऱ्याच्या साथीमुळे सीमा बंद होती. साहेब अडकले ते कान नावाच्या कोळ्यांच्या खेड्यात. हवा इतकी आवडली की तिथेच बंगला बांधला. मागोमाग इंग्रज श्रीमंत येऊ लागले, पण ते यायचे थंडी टाळायला. ऊन तापायला लागलं की सामान बांधून परत. उन्हाळ्यात समुद्रात डुंबायची फॅशन आली ती पुढे, १९२० नंतर.

फिल्म फेस्टिव्हल आधी सप्टेंबर १९३९ मध्ये व्हायचा होता. महायुद्ध सुरू झालं आणि तो बारगळला. पहिला खराखुरा फेस्टिव्हल झाला सप्टेंबर १९४६ मध्ये. त्याच वर्षी चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर'ला तिथलं सर्वोच्च बक्षीस मिळालं, इतर काही चित्रपटांबरोबर विभागून. १९५१ पासून फेस्टिव्हल वसंतात सरकला आणि जो मोसम हॉटेलवाल्यांना ओस जायचा तोच सगळ्यात महागडा झाला. १९५२ च्या स्पर्धेत व्ही. शांताराम यांचा 'अमर भूपाळी' होता. होय, मराठी चित्रपट, थेट मुख्य स्पर्धेत.

इथे एक छोटी गोष्ट सांगून ठेवतो, कारण दरवर्षी आपल्याकडे यावरून गोंधळ होतो. कानमध्ये फेस्टिव्हलच्या शेजारी चित्रपटांचा बाजारही भरतो, खरेदी-विक्रीचा. तिथे पैसे भरून कुणालाही आपला सिनेमा दाखवता येतो. तेव्हा 'आमचा चित्रपट कानमध्ये' असं पोस्टर दिसलं की एकदा विचारायचं, स्पर्धेत का बाजारात? बाजारात जाणं वाईट नाही, तो धंद्याचा भाग आहे. फक्त दोन्ही एक नाहीत. पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' २०२४ मध्ये स्पर्धेत होता आणि ग्रां प्री घेऊन आला. त्यात आपल्या छाया कदम आहेत, आणि सिनेमाचा उत्तरार्ध रत्नागिरीकडे घडतो.

बरं, आता गावात शिरू.

कानचा वसंत फेब्रुवारीत मिमोझाच्या पिवळ्याधमक फुलांनी सुरू होतो, पण गावाला जाग येते मार्चमध्ये. त्या वेळी जमीन-इमारतवाल्यांचा मोठा मेळावा भरतो, हजारो लोक, सगळे सुटाबुटात. त्याला कुणी फोटो काढायला जात नाही, हॉटेलं मात्र फुल्ल. मग ईस्टर. मग १ मे, त्या दिवशी फ्रान्समध्ये लिली ऑफ द व्हॅलीच्या पांढऱ्या घंटेसारख्या फुलांची छोटी जुडी एकमेकांना देतात. एरवी रस्त्यावर फुलं विकायला परवाना लागतो, त्या दिवशी ही फुलं विकायला घरगुती माणसांनाही मोकळीक असते. ८ मेला परत सुट्टी. मधला एखादा दिवस रजा टाकून सुट्ट्या जोडायच्या, याला फ्रेंचमध्ये 'पूल बांधणं' म्हणतात. आपणही तेच करतो, फक्त आपल्याकडे त्याला नाव नाही. आणि मेच्या मध्यावर मुख्य जत्रा.

या सगळ्यात रोजचं आयुष्य बघायचं असेल तर सकाळी फोर्व्हिलच्या मंडईत जायचं. जुन्या टेकडीवरच्या वस्तीच्या, म्हणजे ल सुकेच्या, पायथ्याशी ही छपराखालची मंडई आहे. लाल गालिच्यापासून चालत काही मिनिटं. एप्रिल-मेमध्ये इथे छोटे जांभळे आर्टिचोक, कोवळ्या शेंगा, शतावरीचे कोंब, स्ट्रॉबेऱ्या आणि दोडक्यासारख्या एका भाजीची पिवळी फुलं मिळतात. आपण भोपळ्याच्या फुलांची भजी करतो ना, अगदी तशीच भजी तिथे या फुलांची करतात. एका बाजूला स्थानिक छोट्या होड्यांची मासळी असते. थोडीच असते आणि लवकर संपते. दुपारी एक-दीडला मंडई धुऊन मोकळी.

तिथला खास खाऊ म्हणजे सोका. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. पातळ भिजवायचं, मोठ्या तांब्याच्या परातीत ओतायचं आणि भट्टीत भाजायचं. वरून मिरपूड. आता मला सांगा, हे बेसनाचं धिरडं नाही तर काय आहे? कांदा-कोथिंबीर तेवढी राहिली. ज्या गावात एका कॉफीला समुद्राच्या बाजूला बसलं की दुप्पट पैसे मोजावे लागतात, तिथे हे गरिबाचं धिरडं अजून टिकून आहे, याचं मला फार बरं वाटतं.

समुद्राचं प्रकरण जरा नीट सांगायला हवं. क्रोआझेत हा तिथला प्रसिद्ध किनारी रस्ता, म्हणजे त्यांचा मरीन ड्राइव्ह समजा. एका बाजूला महागडी हॉटेलं, दुसऱ्या बाजूला वाळू. त्या वाळूवर रांगेने खाजगी बीच-रेस्टॉरंटं आहेत, तिथे आरामखुर्चीलाही पैसे. फोटो बघून वाटतं की समुद्र विकलाय. पण फ्रान्समध्ये किनारा सरकारचा असतो. रेस्टॉरंटला तो काही वर्षांच्या कराराने वापरायला मिळतो, आणि पाण्याच्या कडेने चालत जायचा हक्क सगळ्यांचा. २००६ च्या नियमानुसार नैसर्गिक बीचचा ८० टक्के भाग मोकळा ठेवावा लागतो. बीच माणसाने तयार केलेला असेल तर निम्मा. क्रोआझेतची वाळू बरीचशी बाहेरून आणून टाकलेली आहे, म्हणून तिला निम्म्याचा नियम. हा वाळूचा हिशेब तिथे राजकारणाचा विषय असतो. गोव्यातल्या शॅकवाल्यांच्या भांडणांची आठवण आली ना?

फेस्टिव्हलच्या इमारतीला अगदी लागून मासे नावाचा बीच आहे, तो फुकट. फेस्टिव्हलच्या रात्री तिथे उघड्यावर सिनेमे दाखवतात, पास नसलेल्यांनासुद्धा. वाळूत खुर्च्या, अंगावर पांघरूण, कारण मेमध्ये रात्री गार वारा सुटतो. गावकऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. सिनेमाप्रेमींसाठीच्या वेगळ्या पासवर त्यांना फेस्टिव्हलचे बरेच चित्रपट गावातल्या इतर थिएटरांमध्ये बघता येतात. म्हणजे शिक्षक, निवृत्त मंडळी, कॉलेजची मुलं सकाळी डबा घेऊन रांगेत. झगेवाले किती सिनेमे बघतात कोण जाणे, ही मंडळी दिवसाला तीन-चार बघतात.

आणि काही जण नुसते बघे. पायऱ्यांच्या समोर रस्त्याच्या पलीकडे घडीच्या शिड्या दिसतात, साखळीने कठड्याला बांधलेल्या. आपण बसमध्ये रुमाल टाकतो तशी ती जागा धरलेली असते. बरेच जण वर्षानुवर्षं येतात. शिवाय संध्याकाळी काळा कोट, बो टाय घालून तरुण पोरं हातात पाटी घेऊन उभी असतात, 'एक तिकीट द्या हो' अशा अर्थाची. कधी कधी मिळतंही.

आता गावाचं दुसरं टोक. पश्चिमेला ला बोका नावाचा भाग आहे. जुना कामगारांचा इलाका, रेल्वेचे कारखाने इथे होते. बीच लांबलचक आणि साधा, स्थानिक लोक पोहायला इथेच जातात, तेही शक्यतो जूनपासून. मेमध्ये पाणी थंड असतं, तेव्हा डुंबणारा माणूस बहुधा उत्तर युरोपातला पाहुणा. याच बाजूला उपग्रह बनवायचा मोठा कारखाना आहे. शनीच्या टायटन या चंद्रावर २००५ मध्ये उतरलेलं ह्यूजेन्स यान इथलंच. झग्यांच्या रीलमध्ये हे कधीच येत नाही.

पण ला बोकातल्या माणसाला विचारलं की वसंतातला तुझा मोठा प्रश्न कोणता, तर बहुतेक उत्तर 'घर' असंच येईल. जत्रेच्या गावाचा हा जुना आजार आहे. फेस्टिव्हलच्या बारा दिवसांत मध्यवर्ती फ्लॅटला जे भाडं मिळतं, ते नेहमीच्या भाडेकरूकडून मिळायला कित्येक महिने लागतात. मग मालक हिशेब करतो. मार्चमध्ये एक मेळावा, मेमध्ये फेस्टिव्हल, जूनमध्ये जाहिरातवाल्यांचा उत्सव, पुढे उन्हाळा. कायमचा भाडेकरू कशाला हवा? काही जण तर स्वतःचं राहतं घर त्या दिवसांपुरतं देऊन नातेवाइकांकडे जाऊन राहतात, आणि त्या पैशात वर्षाचा कर किंवा मुलांची सहल सुटते. त्यांना दोष कसा द्यायचा? मात्र शेजारच्या बिल्डिंगमधली नर्स, हॉटेलात खोल्या आवरणारी बाई, वेटर, हे हळूहळू लांब सरकतात. पहाटेच्या ट्रेनने गावात येतात आणि रात्री उशिरा परत जातात. क्रोआझेतच्या मागच्या कित्येक इमारतींना हिवाळ्यात खिडक्यांच्या झडपा बंद दिसतात, कारण ती कुणाची तरी सुट्टीची घरं आहेत.

कायदा मध्ये पडतो, पण सावकाश. फ्रान्समध्ये स्वतःचं मुख्य घर पर्यटकांना वर्षाला जास्तीत जास्त १२० दिवस देता येतं. नोव्हेंबर २०२४ च्या नव्या कायद्याने ही मर्यादा ९० दिवसांवर आणायचा अधिकार नगरपालिकांना दिला. आता विचार करा, जत्रेवर चालणाऱ्या गावाच्या नगरपालिकेला हा अधिकार वापरताना किती हात आखडता घ्यावासा वाटेल. गावाला लोक राहायलाही हवेत आणि पाहुण्यांना खोल्याही हव्यात. माझं मत विचाराल तर राहणाऱ्यांची बाजू आधी. वेटरच गावात राहिला नाही तर कॉफी देणार कोण?

फेस्टिव्हल चालवणाऱ्यांचंही काही वेगळं नाही. प्रोजेक्टर चालवणारे, तिकिटं बघणारे, पाहुण्यांची व्यवस्था करणारे बरेच जण एका फेस्टिव्हलमधून दुसऱ्यात असे तुकड्या-तुकड्यांच्या करारावर जगतात. मधल्या रिकाम्या आठवड्यांत बेकारी भत्त्यावर भागवतात, आणि तो भत्ता मिळायचे नियम कडक होत गेले. २०२४ च्या फेस्टिव्हलच्या तोंडावर त्यांच्या एका गटाने संपाची हाक दिली. गटाचं नाव मराठीत सांगायचं तर 'पडद्यांखाली कडकी'. १९६८ च्या पॅरिसच्या आंदोलनातल्या एका घोषणेवरची ही कोटी. चित्रपटाच्या सेटवर काम करणाऱ्या तंत्रज्ञांना फ्रान्समध्ये बेकारी भत्त्याची खास योजना आहे, तीच आम्हालाही द्या, एवढी साधी मागणी. फेस्टिव्हल थांबला नाही, पण लाल गालिच्यावर आलेल्या पत्रकारांना त्या वर्षी तेही लिहावं लागलं.

शेवटी २०२५ ची एक घटना सांगतो, तिच्यात हे सगळं एका दिवसात दिसलं. शनिवार, २४ मे, फेस्टिव्हलचा समारोप. आदल्या रात्री एका वीज उपकेंद्राला आग लागली होती, आणि सकाळी उच्च दाबाच्या वाहिनीचा एक मनोरा कापून पाडायचा प्रयत्न झाला. कान आणि आसपासच्या भागातली सुमारे एक लाख ६० हजार घरं अंधारात. सिग्नल बंद, एटीएम बंद, कार्ड मशीन बंद. खिशात रोख पैसे असलेला माणूस राजा. ला बोकाच्या मल्टिप्लेक्समधले खेळ थांबले. फेस्टिव्हलच्या मुख्य इमारतीला मात्र स्वतःची वीज होती. तिथले दिवे चालू, वातानुकूलन चालू. दुपारी तीनच्या सुमारास गावात वीज परत आली. संध्याकाळी ठरल्याप्रमाणे सोहळा झाला आणि इराणचे जाफर पनाही सर्वोच्च बक्षीस घेऊन गेले.

फेस्टिव्हल असा शनिवारी संपतो. शिड्यांच्या साखळ्या सुटतात, ट्रक येऊन सामान घेऊन जातात, घर भाड्याने दिलेली मंडळी आपापल्या घरी परततात आणि आधी चादरी धुवायला टाकतात. सोमवारी फोर्व्हिलच्या मंडईत भाजी नसते. त्या दिवशी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो: पितळी दिवे, चिनी मातीच्या बशा, जुनी पोस्टकार्डं.

चला, भेटू पुढच्या भागात.