गौण विषय : चित्रकला

परदेशीं शिकावयास गेलेल्या मुलामुलींच्या निरोपांत अलीकडे एक नवा शब्द वारंवार येऊं लागला आहे. ‘मुख्य विषय रसायनशास्त्रच आहे, काळजी करूं नये, जोडीला स्टुडिओ आर्टचा मायनर घेत आहें,’ असें मुलगा कळवितो आणि घरांतील वडील मंडळी कोड्यांत पडतात. आईला वाटतें, पोराचें अभ्यासावरून लक्ष उडालें. वडिलांना वाटतें, पैसा पाण्यांत गेला. आणि आजोबांना मायनर या शब्दाचा कोर्टकचेरींतला ‘अज्ञान’ एवढाच अर्थ ठाऊक असतो. घरोघर वाद होतात, पण ज्यावर वाद चालतो ती वस्तु काय आहे हें बहुधा कोणासच माहीत नसतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेंतील पदवी सामान्यतः चार वर्षांची व सुमारें १२० श्रेयांकांची असते. त्यांतला मोठा वांटा मुख्य विषयाचा, कांहीं भाग सर्वांना सक्तीच्या सामान्य विषयांचा, आणि उरलेली जागा विद्यार्थ्याच्या आवडीसाठीं मोकळी. ही मोकळी जागा इकडेतिकडे उधळून न टाकतां एकाच विषयाचे पांच ते सात अभ्यासक्रम, म्हणजे साधारण १८ ते २४ श्रेयांक, क्रमानें पुरे केले, म्हणजे तो विषय ‘मायनर’ म्हणून गुणपत्रकावर नोंदला जातो. पदवी रसायनशास्त्राचीच राहते. आणि ‘स्टुडिओ आर्ट’ म्हणजे कलेचा इतिहास वाचणें नव्हे. त्याचाहि एखाददुसरा अभ्यासक्रम घ्यावा लागतो, पण बाकीचें सर्व काम हातानें करावयाचें : रेखाटन, रंगचित्रण, शिल्प, मातीकाम, ठशांची छपाई, छायाचित्रण.

मायनरला आपण ‘गौण’ म्हणूं. हा शब्द हलक्या अर्थानें वापरण्याची चाल पडली आहे खरी, परंतु त्याची व्युत्पत्ति ‘गुण’ शब्दापासून आहे. न्यायवैशेषिकांच्या मतें गुण हा द्रव्याच्या आश्रयानें राहतो, स्वतंत्र उभा राहूं शकत नाहीं; पण तेंच शास्त्र असेंहि मानतें कीं, उत्पत्तीचा पहिला क्षण सोडला तर गुणावांचून द्रव्यहि आढळावयाचें नाहीं. वडील मंडळींनीं हा दुसरा भागहि लक्षांत ठेवावा.

ही कल्पना अमेरिकन लोकांनीं मुलांच्या हौसेसाठीं काल-परवां काढली, असें समजण्याचें कारण नाहीं. फेलिक्स स्लेड नांवाच्या एका धनिक संग्राहकानें १८६८ सालीं मृत्युपत्रानें ठेवलेल्या पैशांतून ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लंडन येथें ललितकलेचीं अध्यापकपदें निघालीं. ऑक्सफर्ड येथील जागेवर १८६९ सालीं जॉन रस्किन याची निवड झाली. ज्याच्या एका पुस्तकावरून महात्मा गांधींनीं १९०८ सालीं गुजरातींत ‘सर्वोदय’ लिहिलें, तोच हा रस्किन. नुसतीं व्याख्यानें देऊन त्याचें समाधान होईना. १८७१ सालीं त्यानें विद्यापीठांतच रेखाटनाची शाळा उघडली आणि तेथील शिक्षकाच्या वेतनासाठीं स्वतःच्या पदरचे ५००० पौंड दिले. इतिहास, धर्मशास्त्र, कायदा शिकणाऱ्या तरुणांनीं तेथें येऊन हातांत पेन्सिल धरावी, अशी त्याची इच्छा होती. त्यांना चित्रकार करणें हा त्याचा हेतु नव्हता. त्यापूर्वीं १८५४ पासून लंडनच्या कामकरी लोकांच्या महाविद्यालयांत तो संध्याकाळीं रेखाटन शिकवीत असे. तेथेंहि सुताराला कलावंत बनवावें असें त्याच्या मनांत नव्हतें. सुतार राहूनच तो अधिक सुखी व्हावा, एवढेंच होतें. त्याच्या १८५७ सालच्या पाठ्यपुस्तकांत पहिला धडा आहे तो पेनानें एक चौकोन बारीक रेघांनीं सारखा भरून काढण्याचा. आणि पुढें विद्यार्थ्याच्या समोर तो ठेवतो काय, तर वाटेवरचा एक गोलसर दगड! दगड साधला म्हणजे बाकीचें सर्व साधेल, अशी त्याची खात्री होती. अमेरिकेंत येल विद्यापीठानें १८६९ सालीं कलाशाळा उघडली, ती आरंभापासून मुलींनाहि खुली होती, ही गोष्ट आमच्या भगिनीवर्गानें ध्यानांत घेण्यासारखी आहे.

आतां स्टुडिओंत चालतें काय ? तीन तासांचा एक वर्ग, असे आठवड्यांतून बहुधा दोन. म्हणजे तीन श्रेयांकांसाठीं सुमारें सहा तास. व्याख्यानाच्या विषयास याच्या निम्मे तास लागतात. घरचें काम वेगळें. पहिल्या सत्रांत हातांत कोळशाची कांडी. कधीं तीस सेकंदांत उभ्या माणसाची नुसती ढब टिपावयाची. कधीं कागदाकडे मुळींच न पाहतां, नजर वस्तूच्या कडेवर ठेवून, हात नजरेमागें सावकाश चालवावयाचा. कधीं खुर्ची काढावयाचीच नाहीं. खुर्चीच्या पायांमधील ज्या मोकळ्या जागा दिसतात, त्यांचेच आकार काढावयाचे, मग खुर्ची आपोआप प्रकट होते! कधीं सगळा कागद कोळशानें काळा करून रबरानें उजेड खोडून काढावयाचा. या सर्व खटाटोपाचा रोख एकच आहे. आपण डोळ्यांनीं पाहतों कमी, आणि ठाऊक असलेलें आठवतों जास्त. पेल्याचें तोंड गोल असतें हें आपणांस ठाऊक, म्हणून तें गोल काढतों. दिसतें मात्र तें लंबवर्तुळ.

महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांचीं प्रमाणपत्रें फडताळांत असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिति आणि अक्षरलेखन या प्रश्नपत्रिका आमच्या शाळेंतील हुशार मुलें उत्साहानें देत. कांहीं वाढीव गुण मिळतात, हेंहि त्या उत्साहाचें एक कारण होतें, तें कशाला नाकारावें ? पण दहावी झाली कीं रंगपेटी माळ्यावर जाई, ती कायमचीच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची नजर कुठें उघडूं लागते न लागते, तोंच शिक्षण थांबतें. विद्यापीठांतील गौण विषय हें काम वयाच्या एकोणिसाव्या-विसाव्या वर्षीं, बुद्धि पक्व झाल्यावर, पुन्हां हातीं घेतो.

सत्र संपत आलें कीं प्रत्येकाचें चित्र भिंतीवर लागतें आणि वर्गांतील सर्वांनीं त्याविषयीं बोलावयाचें असतें. याला तेथें ‘क्रिटिक’ म्हणतात. गणिताच्या पेपरांत चुकलें तर तें आपण आणि परीक्षक यांच्यापुरतें राहतें. येथें चूक पंधरा-वीस जणांसमोर टांगलेली असते. पाठांतरावर पहिले आलेले आपले विद्यार्थी येथें प्रथम गडबडतात.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितों, कारण ती पुढें अनपेक्षितपणें कळून घरांत वादळ उठण्यापेक्षां आधींच कळलेली बरी. पुढच्या वर्गांत पुष्कळ ठिकाणीं विवस्त्र मनुष्य समोर बसवून शरीराचा अभ्यास करवितात. शवविच्छेदनास गेलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्याविषयीं आपण शंका घेत नाहीं. येथेंहि तेंच शांत वातावरण असतें. मुंबईच्या सर जमशेदजी जीजीभाई कलाशाळेंत ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दींत, म्हणजे १९२० च्या सुमारास, असे वर्ग चालूं झाले होते. ज्यांस तें रुचत नाहीं त्यांना मातीकाम, छपाई, छायाचित्रण हे मार्ग मोकळे असतात.

‘हें आपल्यांतलें नव्हे’ हा आक्षेप आम्हांला सर्वांत दुबळा वाटतो. वात्स्यायनानें सांगितलेल्या चौसष्ट कलांत आलेख्याला अगदीं आरंभीं स्थान आहे, आणि त्या कला धंदेवाईकांसाठीं नव्हे, तर सुसंस्कृत नागरिकासाठीं सांगितल्या आहेत. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत वज्र राजा मार्कंडेयाला मूर्तिविद्या विचारतो, तेव्हां मुनि त्याला चित्र, नृत्य, वाद्य, गीत अशी मागें मागें नेणारी परंपराच सांगतात. कालिदासाचा दुष्यंत मुख्य विषयानें राजा. पण सहाव्या अंकांत तो शकुंतलेचें चित्र घेऊन बसतो, आणि त्यांत मालिनी नदी, तिच्या वाळूंतील हंसांचें जोडपें, वल्कलें वाळत घातलेलें झाड हें काढावयाचें राहिलें म्हणून हळहळतो. पाहून विसरलेला मनुष्य रेखाटूं लागल्यावर त्याला काय काय आठवतें पाहा ! अगदीं जवळचें उदाहरण हवें असेल, तर औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) घ्यावें. ते बी. ए. झालेले, १९०९ पासून संस्थानचे अधिपति, सूर्यनमस्कारांचे प्रचारक. तरीहि त्यांनीं रामायणाचीं चित्रें स्वतःच्या हातानें रंगविलीं आणि १९३८ सालीं औंध येथें संग्रहालय उघडलें.

खरा आक्षेप निराळा आहे, आणि तो खर्चाचा व गुणांचा आहे. आमच्या पुतण्याची मुलगी संगणकशास्त्र शिकावयास अमेरिकेंत गेली, ती राहत्या घरावर कर्ज काढून. दुसऱ्या वर्षीं तिनें हा गौण विषय घेतला. वाढीव सत्र लागणार नाहीं हें तिनें वेळापत्रक मांडून दाखविलें, तेव्हां बापानें होकार दिला. पण पहिल्याच रेखाटनांत तिला ‘बी’ मिळाला. उरलेल्या सर्व विषयांत ‘ए’, आणि सरासरी खालीं आली ती चित्रानें ! दोन दिवस घरांत कोणी धड बोललें नाहीं. बापाचें म्हणणें असें कीं, उद्यां नोकरी देणारा सरासरी पाहील, कोळशाचीं चित्रें पाहणार नाहीं. आणि हप्ता त्याच्या पगारांतून जातो, तिच्या आनंदांतून नव्हे. हें म्हणणें खोटें नाहीं. काकूंनीं मात्र एक प्रश्न विचारला, ‘अगं, बी कां दिला ?’ मुलगी म्हणाली, ‘आजी, बाई म्हणाल्या कीं तूं हात काढला नाहींस, हाताची आकृति काढलीस.’ पुढचीं दोन वर्षें तिनें विषय सोडला नाहीं. शेवटच्या अभ्यासक्रमांतहि तिला ‘ए’ मिळाला नाहींच. नोकरी संगणकावरच मिळाली, आणि कर्ज अजून फिटावयाचें आहे. आमच्या मतें तिनें केलें तें योग्य केलें. बाप अजून तसें म्हणत नाहीं.

अशा वेळीं मोठमोठीं नांवें पुढें करण्याची चाल आहे. स्पेनचा काहाल लहानपणीं चित्रकार होऊं पाहत होता, बापानें त्याला वैद्यकाकडे वळविलें, आणि मज्जापेशींचीं त्यानें काढलेलीं रेखाटनें जगभर गाजून १९०६ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें, हें सर्व खरें आहे. पण असल्या उदाहरणांनीं बापाला भुलवूं नये. कोळसा हातीं धरणारा प्रत्येकजण काहाल होत नाहीं.

आपल्याकडेहि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ही वाट खुली केली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें आखून दिलेल्या चौकटींत तीन वर्षांच्या १२० श्रेयांकांपैकीं २४ आणि चार वर्षांच्या १६० पैकीं ३२ गौण विषयासाठीं आहेत, आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास आठवड्याचे दोन तास धरले आहेत. चौकट उत्तम. मात्र ज्या महाविद्यालयांत उत्तरेचा उजेड येणारी एक खोली नाहीं, रंग धुण्यास नळ नाहीं, कीं चित्रकलेचा शिक्षक नाहीं, तेथें या आंकड्यांचें विद्यार्थ्यानें करावें काय ? प्रवेश घेण्यापूर्वीं पालकांनीं ती खोली समक्ष पाहून यावी.

परदेशीं जाणाऱ्यांनीं तीन गोष्टी आधीं विचाराव्या. एक, स्टुडिओचे तीन तास मुख्य विषयाच्या प्रयोगशाळेवर आदळतात काय. बहुतेक बेत येथेंच फसतात. दुसरी, सामान्य विषयांतला एखादा श्रेयांक गौण विषयांतहि धरतात काय. धरीत असतील तर एक अभ्यासक्रम वांचतो. तिसरी, साहित्याचें शुल्क निराळें आहे काय. रंग, कागद, कॅनव्हास यांचा खर्च सत्रागणिक वाढत जातो. आणि आरंभ रेखाटनानेंच करावा, कारण तें झाल्याशिवाय पुष्कळ ठिकाणीं रंगचित्रणांत घेत नाहींत. त्या वर्गांत जागा थोड्या असतात, आणि नोंदणी उघडतांच भरून जातात. तेथें सकाळीं नोंदणी उघडते तेव्हां आपल्याकडे संध्याकाळ असते, दिवेलागणीची वेळ. घरच्यांनीं नेमक्या त्याच वेळीं मुलाला फोन करूं नये.