पुस्तक कुठून वाचायचे?

पुस्तक सरळ धरणे, मुखपृष्ठापासून उघडणे, डावीकडून उजवीकडे जाणे आणि ओळ संपली की खालच्या ओळीच्या डाव्या टोकाला येणे, हे सारे मोठ्यांच्या इतके अंगवळणी पडलेले असते की ते कधीकाळी शिकावे लागले होते याचाच विसर पडतो. तीन वर्षांच्या मुलाच्या लेखी गोष्ट चित्रात असते. चित्राखालची काळी नक्षी कशासाठी, हा प्रश्नही त्याला पडत नाही.

अक्षरओळखीच्या आधीची ही जाण तपासण्यासाठी न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९७२ साली ‘सँड’ ही छोटी पुस्तिका तयार केली. दिसायला साधी गोष्ट. पण एखाद्या पानावर चित्र उलटे, कुठे मजकूर उलटा, कुठे शब्दांची अदलाबदल. मोठे माणूस ती वाचता वाचता विचारते : वाचायला कुठून लागायचे? मग कुठे जायचे? मूल काय पाहते आणि काय त्याच्या नजरेतून सुटते, हे त्यातून कळते.

मुले आपले नियम आपणच बांधत असतात. मूळच्या अर्जेंटिनाच्या संशोधक एमिलिया फेरेरो यांना दिसले की, मोठ्या वस्तूचे नाव लिहायला मोठेच लागणार, असे अनेक लहान मुलांना वाटते. मराठीत या नियमाची पंचाईत लगेच होते. ‘गाय’ आणि ‘फुलपाखरू’ लिहून ‘यातली गाय कुठली?’ असे विचारले, तर अशा मुलाचे बोट लांब शब्दावर जाणार. तर्क मुळीच वेडगळ नाही. त्याला चूक म्हणण्यापेक्षा दोन्ही शब्द अक्षरागणिक टाळी देत म्हणावेत : गा-य, फु-ल-पा-ख-रू. लांबी गायीची नाही, नावाची आहे, हे हातांनाच कळते.

देवनागरीत शब्द ओळखायला शिरोरेषेची मदत होते. रेघ तुटली की शब्द संपला. ही सोयही संकेतच. जुन्या मोडी लिपीत रेघ आधी ओळभर ओढून घेत आणि अक्षरे तिला सलग टांगत. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. देवनागरीतली ऱ्हस्व वेलांटी मात्र गोंधळात टाकते. ‘चिमणी’त ती ‘च’च्या आधी दिसते, पण तिचा उच्चार ‘च’नंतर होतो.

घरी करायचे ते फार नाही. वाचून दाखवताना मधूनच ओळीखालून बोट फिरवावे. एरवी मुलाची नजर चित्रावरच खिळलेली असते. दर पानावर थांबून प्रश्न विचारले तर मात्र गोष्टीचा चोथा होतो. बिस्किटाचा पुडा मूल रंगावरून ‘वाचते’, तेच नाव कोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिले की त्याला ओळखू येत नाही. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून दाखवावे. डब्यावर आणि पाण्याच्या बाटलीवर त्याच्यादेखत त्याचे नाव लिहावे.

पाठ झालेली गोष्ट मूल वाचल्याचा आव आणून म्हणू लागते, तेव्हा हसून थांबवू नये. खरे काम तिथेच चाललेले असते. समजा, ओळ आहे ‘मनीने दूध प्यायले’. मूल म-नी-ने म्हणताना तीन शब्दांवर बोट टेकवते. शब्द संपतात आणि दूध तोंडातच राहते. काही दिवस याचे त्याला काही वाटत नाही. मग एकदा ते अडखळते, बोट उचलून ओळीच्या सुरुवातीला नेते आणि पुन्हा म्हणून पाहते.