खुबा व मांडीच्या अस्थिभंगातील मज्जातंतू अवरोध

मज्जातंतू अवरोध (रूढ नाव: नर्व्ह ब्लॉक) ही वेदनेची संवेदना मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच, स्थानिक भुलीच्या औषधाने काही काळ रोखण्याची पद्धत आहे. खुब्याचे किंवा मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर आराम मिळावा, यासाठी तिचा उपयोग करतात. अवरोधामुळे रुग्ण बेशुद्ध होत नाही. केवळ पायाचा काही भाग बधिर होतो.

पार्श्वभूमी

उतारवयात हाडे ठिसूळ झाल्याने घरात पाय घसरून पडल्यानेही खुब्याचे हाड मोडू शकते. तरुणांमध्ये मांडीचे हाड बहुधा वाहन अपघातासारख्या मोठ्या आघाताने मोडते. मांडीचे बळकट स्नायू आखडून मोडलेली टोके ओढतात, त्यामुळे कूस बदलणे किंवा क्ष-किरण तपासणीसाठी हलणेही असह्य होते.

अशा वेळी पॅरासिटामॉल अनेकदा अपुरे पडते. मॉर्फीनसारख्या अफूवर्गीय औषधांनी वृद्धांना मळमळ, बद्धकोष्ठता व गुंगी येऊ शकते, तसेच श्वसन मंदावू शकते. वेदना शमली नाही तर संभ्रमावस्था येण्याचा धोका असतो आणि या औषधांच्या अतिरेकानेही तोच धोका संभवतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तर आपली वेदना शब्दांत सांगता येत नाही. त्यामुळे ती दुर्लक्षित राहण्याची शक्यता अधिक असते.

कार्यपद्धती

खुबा व मांडीच्या पुढील भागाची संवेदना मुख्यतः फीमोरल मज्जातंतू वाहून नेतो. मांडीच्या बाहेरील त्वचेसाठी एक वेगळा मज्जातंतू असतो, तर आतील भागाकडे ऑब्च्युरेटर मज्जातंतू जातो. ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन यांसारखे औषध मज्जातंतूभोवती सोडल्यास त्यातील सोडियमचे मार्ग बंद होतात व संदेशवहन थांबते. एका इंजेक्शनचा परिणाम कित्येक तास टिकतो. अधिक काळ आराम हवा असल्यास बारीक नळी बसवून औषध देता येते.

प्रकार

फीमोरल अवरोध: जांघेत, फीमोरल रोहिणीच्या बाहेरील बाजूस असलेल्या मज्जातंतूजवळ औषध देतात.

फॅशिया इलियाका अवरोध: बर्नार्ड डॅलेन्स व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये लहान मुलांसाठी या पद्धतीचे वर्णन केले. यात मज्जातंतूपासून दूर, स्नायूवरील पातळ आवरणाखाली ३० ते ४० मिलिलिटर (प्रौढांमध्ये) सौम्य औषध सोडतात व ते पसरून मज्जातंतूंपर्यंत पोहोचते. सुई मोठ्या रक्तवाहिन्यांपासून लांब राहत असल्याने ही पद्धत आपत्कालीन विभागातही वापरली जाते.

पेंग अवरोध: २०१८ मध्ये वर्णिलेल्या या पद्धतीत खुब्याच्या सांध्याकडे जाणाऱ्या सूक्ष्म शाखांवर औषध सोडतात. त्यामुळे मांडीच्या स्नायूंचे बळ तुलनेने टिकून राहावे, अशी अपेक्षा असते.

पूर्वी सुई दोन आवरणांतून जाताना हाताला जाणवणाऱ्या दोन सूक्ष्म झटक्यांवरून योग्य जागा ओळखत. आता सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई व औषधाचा प्रसार प्रत्यक्ष पाहता येतो.

उपयुक्तता

कॉक्रेन संस्थेच्या २०२० मधील आढाव्यात ४९ चाचण्यांचा समावेश होता. त्यानुसार अवरोधानंतर ३० मिनिटांत हालचालीच्या वेळची वेदना ० ते १० या मापनात सुमारे २.५ गुणांनी कमी होते. तीव्र संभ्रमावस्थेचा व छातीतील जंतुसंसर्गाचा धोकाही घटतो. कण्यातून भूल देण्यासाठी रुग्णाला बसवावे किंवा कुशीवर वळवावे लागते. आधी अवरोध दिल्यास हे सुसह्य होते.

मर्यादा व धोके

खुब्याच्या सांध्याला अनेक मज्जातंतूंच्या शाखा मिळत असल्याने वेदना पूर्णपणे थांबेलच असे नाही. म्हणून पॅरासिटामॉल चालू ठेवतात. मांडीचे स्नायू शिथिल झाल्याने रुग्ण आधाराविना उभा राहिल्यास पडू शकतो. रक्तस्राव, जंतुसंसर्ग व मज्जातंतूला इजा हे धोके क्वचित संभवतात. औषध चुकून रक्तवाहिनीत गेल्यास किंवा मात्रा अधिक झाल्यास झटके येऊ शकतात व हृदयाची लय बिघडू शकते. त्यावरील उपचारांत २० टक्के स्निग्ध द्रावण शिरेतून देतात. यासाठी रुग्णाच्या वजनानुसार मात्रा ठरवणे आणि नंतर त्याच्यावर लक्ष ठेवणे आवश्यक असते.

मांडीचे हाड मोठ्या आघाताने मोडल्यास स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो. तीव्र वेदना हे त्याचे आरंभीचे लक्षण असून ते बधिरतेमुळे झाकले जाण्याची भीती असते. म्हणून अवरोध देण्यापूर्वी पायाची संवेदना, हालचाल व नाडी तपासून नोंद ठेवतात.