घरचा व्यायाम : आरंभ आणि सातत्य

आपल्या आईवडिलांच्या पिढीला वेगळा व्यायाम करण्याची गरज नव्हती. गिरणीतील पाळी, रेल्वेच्या रुळांचे काम, बांधकामावरील पाटी नाही तर शेतातले खुरपे, यांतच त्यांचा दिवस मोडत असे. मुलाच्या डोक्यावर पाटी येऊ नये, त्याला खुर्ची मिळावी, म्हणून त्यांनी पोटाला चिमटा काढून आपणांस शिकविले. बाबासाहेबांमुळे ती खुर्ची मिळाली. मात्र त्या खुर्चीने आपल्या शरीराकडून काय घेतले, याचा हिशेब आपण मांडलेला नाही. आज चाळिशी ओलांडलेल्या चार मित्रांत एकाच्या तरी खिशात गोळ्यांची पट्टी असतेच. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी किती छळले, हे आपण चरित्रात वाचतो. पुस्तक मिटताच मात्र ते विसरतो.

लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी तेथील दुमजली बसवरील कामगारांचा अभ्यास 1953 साली प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून असत, तर वाहक तिकिटे देत जिना चढत-उतरत असत. वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. पुढील अनेक अभ्यासांनी हा मुद्दा पक्का केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. हा आकडा वाचूनच नवखा माणूस घाबरतो, आणि तिथेच त्याची गाडी अडते.

माझेही तसेच झाले. एका बुद्ध जयंतीला संकल्प करून पहिल्याच दिवशी पन्नास जोर काढले. तिसऱ्या दिवशी काउंटरवर शिक्का उचलताना दंड भरून आले होते. चौथ्या दिवशी विश्रांती घेतली, ती पुढे दोन वर्षे चालली! सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम भार पडला की त्यांच्या सूक्ष्म तंतूंना इजा होते आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवते. त्यात घाबरण्यासारखे काही नसते, पण माणूस तेवढ्यानेच कंटाळतो.

या बाबतीत सोण भिक्खूची कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. चंपानगरीच्या या श्रीमंताच्या मुलाचे पाय अतिशय कोमल होते. राजगृहाजवळ त्याने एवढ्या जिद्दीने चंक्रमण केले की वाट रक्ताने माखली, आणि मग त्याला सर्व सोडून घरी परतावेसे वाटू लागले. तो पूर्वी उत्तम वीणा वाजवीत असे. तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर वीणा वाजते काय, असे तथागतांनी त्याला विचारले. त्यांनी त्याला सोडून जा म्हटले नाही, की आणखी जोर लाव असेही म्हटले नाही. प्रयत्न सम ठेवण्यास सांगितले. चंक्रमणाचे पाच लाभही अंगुत्तर निकायात दिलेले आहेत. आजार कमी होणे आणि अन्न नीट पचणे हे त्यांपैकीच होत.

तेव्हा आरंभ दहा मिनिटांचाच असावा. एका खोलीच्या घरातही चटईएवढी जागा निघते. पाच मिनिटे जागच्या जागी पावले टाकावीत, गुडघे थोडे उचलावेत. मग हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे. मांड्या बळकट करण्यास याहून सोपा प्रकार नाही. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून भिंतीवरच दहा जोर काढावेत. शेवटी भिंतीचा आधार घेऊन टाचा वीस वेळा उचलाव्यात, कारण पिंढरीचे स्नायू पायांतील रक्त हृदयाकडे परत ढकलण्याचे काम करतात. श्रम करताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेवावा. संख्या दोन आठवड्यांनी वाढवावी. ज्यांना हृदयविकार आहे किंवा जे इन्सुलिन घेतात, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. व्यायामाने रक्तातील साखर एकदम उतरू शकते.

खरी अडचण टिकण्याची. फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी लंडनमध्ये 96 जणांच्या सवयींवर अभ्यास केला. तो 2010 साली प्रसिद्ध झाला. नवी कृती अंगवळणी पडण्यास साधारण 66 दिवस लागले, परंतु कोणाला 18, तर कोणाला 254 असा अंदाज निघाला. म्हणजे दोन महिन्यांत जमले नाही म्हणून आपल्यात खोट आहे असे समजू नये. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही, हेही त्यात दिसले. चुकते ते दुसऱ्या दिवशीही दांडी मारल्याने. त्या लोकांनी नवी कृती रोजच्या ठराविक कामाला जोडली होती. मी व्यायाम सकाळच्या चहाच्या आधणाला जोडला आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करतो, मस्टरवर सही करावी तशी.

आणखी एक. घरकाम करते म्हणून बाईला व्यायामाची गरज नाही, असे आपण पुरुष सहज म्हणून टाकतो. भांडी घासताना पाठ वाकते, पण दम लागेल असे चालणे क्वचितच घडते, आणि पहाटे एकटीने फिरायला जाणे प्रत्येकीला जमत नाही. घरच्या व्यायामाचा खरा उपयोग तिलाच आहे. तिची दहा मिनिटे होईपर्यंत आमच्याकडे चहाचे आधण मी ठेवतो.